जुन्या जहाजाचं रेखाटन लिलावात येतं, तेव्हा किंमत नेमकी कशाची होते?

पिवळा पडलेला कागद, त्यावर पेन्सिलीच्या रेघा, पातळ राखाडी शाईचा हात आणि एक शिडाचं जहाज. असा फोटो फिरत येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'लिलावात हजारो पौंडांना विकलं.' यात एवढं काय आहे, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर शोधायला जहाजांच्या रेखाटनातल्या सगळ्यात मोठ्या नावापासून सुरुवात करू.

बाप आणि लेक, दोघांचं नाव एकच

विलेम व्हॅन डी व्हेल्ड थोरले (१६११–१६९३) आणि विलेम व्हॅन डी व्हेल्ड धाकटे (१६३३–१७०७) हे नेदरलँड्सचे बापलेक. थोरले रेखाटनात तरबेज, तर धाकटे रंगचित्रांसाठी गाजलेले. थोरले घरी बसून लढाया रंगवणारे नव्हते. १६६६ साली इंग्रज आणि डच आरमारांत सलग चार दिवस लढाई झाली, तेव्हा ते एका छोट्या जहाजातून लढाईच्या आसपास फिरत रेखाटनं करत होते. काही चित्रांत त्यांनी स्वतःचं ते छोटं जहाजही दाखवलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ते युद्ध वार्ताहरच होते.

१६७२-७३ च्या हिवाळ्यात दोघं इंग्लंडला गेले, म्हणजे ज्यांच्याविरुद्धच्या लढाया काढल्या त्यांच्याकडेच! १६७४ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड ठरवून दिले. वडिलांनी सागरी लढायांची रेखाटनं करायची आणि मुलाने ती रंगात उतरवायची, अशी वाटणी होती. लंडनजवळ ग्रिनिचच्या क्वीन्स हाऊसमध्ये त्यांना कामाची जागा मिळाली.

जहाजाची ओळख त्याच्या पाठीवर

त्या काळी डच कारागीर जहाज बांधताना सहसा कागदावर आराखडा काढत नसत. हिशेब डोक्यात आणि हातात असायचा. त्यामुळे ते जहाज प्रत्यक्ष कसं दिसायचं, हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे अशी रेखाटनं.

या चित्रांत तज्ज्ञ आधी जहाजाची मागची बाजू बघतात. तिथलं कोरीवकाम म्हणजे जहाजाची नावाची पाटीच. १६६७ मध्ये डचांनी मेडवे नदीत शिरून 'रॉयल चार्ल्स' हे इंग्रजांचं मानाचं जहाज पळवून नेलं. पुढे ते मोडीत काढलं, पण सिंह आणि युनिकॉर्न असलेला त्याच्या मागच्या बाजूचा भाग ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आजही आहे. असं कोरीवकाम, तोफांच्या खिडक्यांची संख्या आणि त्यांची मांडणी जुळवून चित्रातलं जहाज कोणतं ते ठरवलं जातं.

ओळख पटली की 'एक डच युद्धनौका' असलेला कागद एका ठरावीक जहाजाचा पुरावा बनतो. त्याचं मोल आणि किंमत दोन्ही वाढतात. ओळख चुकली, तर ती चूक पुढे पुस्तकांत आणि जहाजांच्या प्रतिकृतींतही उतरू शकते.

कॅटलॉगमधले शब्द नीट वाचा

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एका शब्दाने किंमत कुठल्या कुठे जाते.

- फक्त चित्रकाराचं पूर्ण नाव: चित्र त्याच्याच हातचं आहे, असं लिलाव संस्थेचं मत.
- अट्रिब्युटेड टू: बहुधा त्याचंच, पण खात्री नाही.
- स्टुडिओ ऑफ: त्याच्या कार्यशाळेत, बहुधा त्याच्या देखरेखीखाली झालेलं.
- सर्कल ऑफ: त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं तरी.
- आफ्टर: त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल.

'साइन्ड' म्हणजे सही त्याची आहे, असं मत. 'बेअर्स सिग्नेचर' म्हणजे कागदावर सही आहे, पण ती दुसऱ्या कुणी केलेली असू शकते.

व्हॅन डी व्हेल्ड घराण्याच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. रेखाटनावर ओलसर कागद ठेवून घासलं की त्याचा फिकट, उलटा छाप निघतो. कार्यशाळेत असे छाप घेऊन ते पुन्हा वापरले जायचे. म्हणून कोरीवकाम किंवा अक्षरं उलटी दिसली, तर समोर मूळ रेखाटन नसून छाप असू शकतो. शिवाय बापाचं चित्र कोणतं आणि लेकाचं कोणतं, यावर जाणकारांचंही कधीकधी एकमत होत नाही.

कागद स्वतः काय सांगतो?

कागद उजेडासमोर धरला की त्यातली पाणखूण दिसते. त्यावरून तो साधारण कोणत्या काळातला ते कळतं. कोपऱ्यातला छोटा शिक्का बहुतेकदा जुन्या संग्राहकाचा असतो. फ्रिट्स लुख्त यांनी १९२१ मध्ये अशा शिक्क्यांचा कोशच छापला आणि आजही लिलावात त्याचे क्रमांक दिले जातात. कागद कुणाकुणाच्या हातून आला, ही साखळी जितकी अखंड तितका खरेदीदाराचा भरवसा जास्त.

शेवटी दिला जाणारा आकडा

कॅटलॉगमधला आकडा हा फक्त अंदाज असतो. हातोडा पडतो ती बोलीची किंमत, आणि तिच्यावर खरेदीदाराला लिलाव संस्थेचं शुल्क भरावं लागतं. समजा हातोडा १०,००० पौंडांवर पडला आणि शुल्क २५ टक्के असेल, तर १२,५०० पौंड द्यावे लागतील. एकाच लिलावाच्या दोन बातम्यांत दोन आकडे दिसतात ते अनेकदा यामुळेच.

मग हे कागद जातात कुठे?

काही खासगी घरांत जातात आणि पुढची कित्येक वर्षं कुणाला दिसत नाहीत. पण उलटंही घडतं. लंडनमधले संपादक ब्रूस इनग्रॅम यांनी आयुष्यभर जमवलेली व्हॅन डी व्हेल्ड यांची शेकडो रेखाटनं ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमला आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाला देऊन टाकली. आज लिलावात नवं रेखाटन आलं की जाणकार ते या संग्रहांतल्या चित्रांशी ताडून बघतात.

म्हणून असा फोटो पुढच्या वेळी समोर आला, तर आकड्याआधी तीन गोष्टी बघा: हात कुणाचा, जहाज कोणतं आणि कागद आला कुठून.