पुष्पचक्र सुतकी नाही

डिसेंबर लागला की कॅनबेराच्या गुंगालिन भागात घरांच्या दारांवर पानाफुलांची गोल चक्रे लागतात. बहुतेक प्लॅस्टिकच्या सूचिपर्णाची, खाली लाल फीत. आपल्या घरांत मात्र त्यावर एक आक्षेप हमखास ऐकू येतो: हे पुष्पचक्र आहे, ते मृतांना वाहायचे, नांदत्या घराच्या दाराला कसे लावायचे?

आक्षेप निराधार नाही. 1 मे रोजी मुंबईच्या हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहतात. कॅनबेराच्या युद्धस्मारकातही 25 एप्रिलला, अँझॅक दिनी, ती वाहिली जातात. मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द भेटतो तो बहुधा अशाच बातम्यांत. पण एवढ्यावरून त्याचा अर्थ शोकाचा ठरत नाही. 'वाहणे' हे क्रियापदसुद्धा शोकाचे नाही. श्रावणी सोमवारी शंकराला बेल वाहतोच की आपण! हार नवरदेवाच्या गळ्यात पडतो, गणपतीला घालतात, आणि तिरडीवरही चढतो. म्हणून लग्नात हार नको, असे कोणी म्हटलेले ऐकले आहे?

जुनी परंपराही आक्षेपाच्या बाजूने उभी राहत नाही. अमरकोशात फुलांच्या माळांची नावे बारकाईने वेगळी केली आहेत. केसांच्या मधोमध माळलेला तो गर्भक, शेंडीवरून लोंबणारे ते प्रभ्रष्टक, कपाळाकडे पुढे आलेले ललामक, गळ्यातून सरळ खाली उतरणारे प्रालंब, छातीवर तिरके टाकलेले वैकक्षक, शेंडीवर बांधलेले आपीड किंवा शेखर. भेद सगळा जागेचा आणि ठेवणीचा. हर्षाचे कोणते नि शोकाचे कोणते, अशी वाटणी त्यात नाही.

युरोपातही हे चक्र मानाचे होते. प्राचीन ऑलिम्पियात विजेत्याला ऑलिव्हच्या पानांचे चक्र घालत. 2004 साली अथेन्सने ती प्रथा पुन्हा आणली. नेमबाज राज्यवर्धनसिंह राठोड रौप्यपदक घ्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरही ते होते. त्यात अशुभ पाहणारा मला तरी भेटला नाही.

काहीजण मधला मार्ग म्हणून या चक्राला 'तोरण' म्हणतात. तेही मला मान्य नाही. तोरण चौकटीवर आडवे बांधतात, आंब्याची पाने आणि झेंडू ओवून. गोल वस्तूला ते नाव देऊन दोन्ही शब्द बिघडतात.

तेव्हा दाराला चक्र लावायचे असेल तर बेलाशक लावा, आणि मुलांनी विचारले तर न अडखळता 'पुष्पचक्र' असेच सांगा.