चिठ्ठी काय सांगते, काय सांगत नाही

शिक्षणातल्या प्रयोगांविषयी बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा एखादी शिक्षिकाच विचारते : अर्ध्या मुलांना द्यायचं, अर्ध्यांना नाही, आणि तेही चिठ्ठ्या टाकून, हे मनाला पटावं कसं? प्रश्न रास्त आहे. आज आपण तिथूनच सुरुवात करू.

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरमध्ये एक मोठा प्रयोग झाला. ६७ शाळा आणि सुमारे २०,००० मुलं. त्यातल्या १०,००० मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पाइंट दूध दिलं, उरलेल्या १०,००० जणांना दिलं नाही. दोन्ही गटांची उंची आणि वजन आधी मोजलं, नंतरही मोजलं. दुधाने मुलं वाढतात का, एवढंच पाहायचं होतं.

मुलं निवडायची कशी? कुठे चिठ्ठ्या टाकून, कुठे आडनावांच्या वर्णानुक्रमे. इथवर ठीक होतं. पण शिक्षकांना एक मुभाही होती : एखाद्या गटात फारच धष्टपुष्ट किंवा फारच खंगलेली मुलं आली आहेत असं वाटलं, तर अदलाबदल करा. आता तुम्हीच सांगा, समोर हडकुळं पोर उभं आहे आणि दूध कोणाला द्यायचं हे तुमच्या हातात आहे. तुम्ही काय कराल? प्रयोगाच्या सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुलं दूध मिळणाऱ्यांपेक्षा उंचीने आणि वजनाने सरस भरली. फरक थोडाथोडका नव्हता, काही महिन्यांच्या वाढीइतका होता.

१९३१ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाने हे सगळं उलगडून दाखवलं. हे गृहस्थ म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. वजनं कपड्यांसकट केली होती, आधी हिवाळ्यात आणि नंतर उन्हाळ्यात. खात्यापित्या घरच्या मुलांचे जाड कपडे जूनमध्ये उतरले, गरीब मुलांकडे उतरवायला फारसं काही नव्हतंच. म्हणजे दूध न मिळालेल्या गटाचं वजन कमी वाढलेलं दिसलं, त्यातला काही भाग दुधाचा नसून लोकरीचा असणार! गॉसेट म्हणाले, एवढा खर्च करण्यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, नाणं उडवून एकाला दूध द्या आणि दुसऱ्याला देऊ नका. उत्तर जास्त नेमकं मिळेल.

इथे वाईट कोणीच वागलं नव्हतं, हे लक्षात घ्या. शिक्षकांच्या कणवेनेच प्रयोग बिघडवला. आपल्याकडे निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी काढतात. चिठ्ठी शहाणी असते असं कोणी म्हणत नाही. तिला कोणाचा कळवळा नसतो, एवढाच तिचा गुण.

ही युक्ती मानसशास्त्रात त्याआधीच आली होती. १८८० च्या दशकात चार्ल्स पर्स हे तत्त्वज्ञ आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनातला अगदी सूक्ष्म फरक माणसाला कळतो का, हे तपासलं. क्रम प्रयोग करणाऱ्याने ठरवला तर समोरचा तो ओळखू लागतो. म्हणून त्यांनी पत्ते पिसून क्रम ठरवला. पुढे १९२३ मध्ये विल्यम मॅकॉल यांनी शिक्षणातल्या प्रयोगांवरच्या पुस्तकात गट योगायोगाने पाडा, असं सुचवलं.

आता मुंबईत येऊ. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा 'बालसखी' कार्यक्रम तुम्हाला ठाऊक असेल. वस्तीतलीच एक तरुणी वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत त्याची तपासणी झाली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथे शिक्षिकेच्या प्रश्नाला एक सुंदर उत्तर सापडलं : बालसखी शाळांना मिळाली, चिठ्ठीने ठरली ती फक्त इयत्ता. एका शाळेत एका इयत्तेला, दुसऱ्या शाळेत दुसऱ्या इयत्तेला. कोणतीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, आणि तुलनाही झाली.

दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातले ०.१ च्या आसपास उरले. फायदा झाला तो प्रामुख्याने मागे पडलेल्या मुलांना. उरलेल्यांचा वर्ग लहान झाला, पण त्यांच्या गुणांत फरक पडला नाही.

मग हेच सगळीकडे करा, असं म्हणायचं का? इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा कान उभा राहतो. नॅन्सी कार्टराइट या तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१८ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. प्रयोग सांगतो की 'तिथे' काम झालं. 'इथे' होईल का, हे कळायला कशामुळे काम झालं याची समज लागते, आणि ती चिठ्ठीतून निघत नाही. 'प्रथम'लाही हा अनुभव आला. बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना तीच पद्धत शिकवली, साहित्य दिलं, पण नियमित वर्गात फारसा फरक पडला नाही. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत मात्र सरकारी शिक्षकांनीच शिकवलं आणि मुलं पुढे गेली. शिक्षक बदलले नव्हते; अभ्यासक्रम पुरा करण्याचं दडपण मात्र सुट्टीत नव्हतं.

आता त्या शिक्षिकेला आपण काय सांगायचं? आम्हाला वाटतं, दोन गोष्टी. बाई, तुमची कणव खोटी नाही, पण दूध कोणाला द्यायचं हे ठरवताना ती मोजमापात शिरते. तेवढ्यापुरती चिठ्ठी बरी. आणि आकडे आल्यावर, तुमच्या वर्गात ते का लागू पडतील किंवा पडणार नाहीत, हे सांगायला आम्हाला तुमचीच गरज आहे. तेव्हा मात्र चिठ्ठीला काही विचारू नका.