आठवड्याचे आठ दिवस

दुकानदाराने सोमवारी सांगितलं, "आज आठ दिवसांनी या, माल आलेला असेल," की गिऱ्हाईक पुढच्या सोमवारीच जातं, मंगळवारी नाही. आठ दिवसांनी म्हणजे सात दिवसांनी, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मोजणी जिथून सुरू होते तो दिवसही धरायचा, ही जुनी रीत आहे. तेराव्याचे तेरा दिवस असेच, माणूस गेला तो दिवस पहिला धरून. बारशाचंही तेच. संस्कृतातला 'सप्ताह' हिशोबाला चोख. आपला 'आठवडा' मात्र या बाजारापासून त्या बाजारापर्यंतची दोन्ही टोकं बोटांवर धरतो. गुजरातीतलं 'अठवाडियुं' याच घरातलं. रोमन लोकांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे आणि त्याचं नाव नवावरून पडलं होतं, तेव्हा ही खोड एकट्या मराठीची नाही.

पुढचं मोजताना हे खपून जातं. घोळ होतो तो मागे जाताना. 'पंधरा दिवसांपूर्वी' म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा चौदाच दिवस असतात. ऐकणारा कॅलेंडरवरून पंधरा वजा करतो आणि तारीख एका घराने सरकते. आमची आजी अशा वादात तारीख विचारतच नसे. "वार कोणता होता?" एवढंच विचारायची. बाजारचा गुरुवार होता असं ठरलं, की बोटाने कॅलेंडरच्या एकाच रकान्यातून वर चढायचं: हा गुरुवार, मागचा, त्याच्या मागचा. रकाना चुकत नाही, म्हणून तारीखही चुकत नाही.

आजीला ठाऊक नसलं तरी या युक्तीचं एक कूळ कोकणात आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ लिहिला, त्याचं आरंभवर्ष शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून होत. ग्रहांचं गणित मांडायचं तर आधी 'अहर्गण' हवा, म्हणजे ठरावीक दिवसापासून आजवर उलटलेल्या दिवसांची संख्या. हा आकडा फुगू नये म्हणून गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचं एक चक्र केलं. चक्राचे दिवस ४०१६. पूर्ण झालेली चक्रं बाजूला ठेवायची आणि उरलेले दिवस तेवढे मोजायचे.

करून पाहू. दिवस घेऊ शिवराज्याभिषेकाचा: जेधे शकावलीप्रमाणे शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२. १५९६ मधून १४४२ गेले, उरले १५४. अकरांनी भागले तर बरोबर १४ चक्रं, बाकी शून्य. चालू वर्षाचे चैत्र-वैशाख दोन महिने आणि चक्रांच्या सूक्ष्म तफावतीतून साचलेला एक अधिकमास, मिळून तीन. त्यांची तिसपट ९०. ज्येष्ठातल्या उलटलेल्या तिथी ११. चक्रांचा सहावा हिस्सा, अपूर्णांक टाकून, २. बेरीज १०३. तिथी दिवसापेक्षा किंचित आखूड असते, म्हणून दर चौसष्टामागे एक वजा करायचा. अहर्गण आला १०२. आता वार. ४०१६ ला सातांनी भागलं की बाकी पाच उरते, म्हणून चक्रांची पाचपट, ७०, मिळवायची. झाले १७२. सातांनी भागून बाकी चार. सोमवारला शून्य धरून मोजा: शुक्रवार. शकावलीतही शुक्रवारच आहे.

कागदावर दहा ओळींचं काम. पण यातलं खरं कसब शेवटच्या पायरीत आहे. तिथी आणि दिवस यांची सांगड मध्यम गतीने घातलेली असल्यामुळे अहर्गण कधी एकाने कमी, कधी एकाने जास्त येतो. जुन्या गणितींनी त्यावर ठेवलेला उपाय आजीच्याच जातीचा: वार ताडून पाहा, जुळत नसेल तर अहर्गणात एक मिळवा किंवा एक काढा. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, महिना अधिक पडतो. वाराला यातलं काहीच होत नाही.

खुद्द वार आपल्याकडे उशिरा आलेला. वेदांगज्योतिषात तो नाही. ग्रहांच्या होरांवरून ठरलेला हा सातांचा क्रम पश्चिमेकडून आला. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखात बुधगुप्ताच्या राज्यात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी नोंद आहे. भारतातल्या वाराच्या सर्वांत जुन्या नोंदींत ती मोजतात. गुप्त संवताचा आरंभ कधीचा यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची चांगलीच जुंपली होती. पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने लेखांतल्या तारखांचं गणित करून घेतलं ते शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडून, म्हणजे पेशाने शाळामास्तर असलेल्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र'कारांकडून. एरणची द्वादशी २१ जून ४८४ ला पडली आणि त्या दिवशी गुरुवारच आला. नुसता वार सातांत एकदा योगायोगानेही जुळतो, हे खरं. पण तिथीसकट जुळला की बोलणं वेगळं.

युरोपात तारखाच कापल्या गेल्या तेव्हाही वाराला कुणी हात लावला नाही. १५८२ साली रोमने दहा दिवस गाळले: गुरुवार ४ ऑक्टोबर, दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५. इंग्लंडने १७५२ मध्ये अकरा गाळले: बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४. म्हणून १६७४ साली रायगडावर आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशोबाने राज्याभिषेक ६ जूनचा, शनिवारचा, तर गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या कॅलेंडरात तोच शनिवार १६ जून.

नवं कॅलेंडर सरसकट मागे ओढणाऱ्या ॲपमध्ये ६ जून १६७४ टाकलं, तर बुधवार दिसतो. घाबरायचं कारण नाही, दहा दिवस पुढे सरका, शनिवार मिळेल. मग शकावलीत शुक्रवार कसा? तिच्यातच उत्तर आहे: महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. इंग्रजांचा शनिवार मध्यरात्रीच लागला होता. रायगडावर सूर्य उगवायचा होता.