छायाचित्रातून पुसलेली माणसे

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा एक समज छायाचित्रणाच्या जन्मापासून चालत आलेला आहे. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे लुई दागेर याची कृती जगापुढे जाहीर करण्यात आली, तेव्हा प्रकाशाने स्वतःच रेखाटलेले हे चित्र मानवी हाताच्या लहरीपासून मुक्त राहील, अशी अनेकांची भावना झाली. ती फार काळ टिकली नाही. १८५५ साली पॅरिसमध्येच भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल या छायाचित्रकाराने एकाच व्यक्तीची दोन चित्रे मांडली. एक जसे निघाले तसे होते. दुसरे निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले होते. काचेवरची साक्ष बदलता येते, हे तेथून पुढे सर्वांस कळून चुकले.

आज त्याच कामास निगेटिव्ह लागत नाही, कुंचला लागत नाही आणि कसबी हातही लागत नाही. खिशातील फोनवर बोट फिरवावे, की चित्रातील नकोसा माणूस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी समुद्र, भिंत किंवा झाड अवतरते. हे सामर्थ्य कृत्रिम बुद्धिमत्तेने दिले. परंतु त्यामागील इच्छा जुनी आहे. त्या इच्छेचा इतिहास करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे; कारण छायाचित्रात कोणी राहावे आणि कोणी राहू नये, हा प्रश्न त्यांच्या पूर्वजांच्या आयुष्याशी निगडित होता.

आरंभीच्या काळात माणसे पुसली गेली ती दुष्टाव्याने नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलाचे चित्र काढावयाचे, तर मूल बराच वेळ निश्चल बसणे आवश्यक असे. म्हणून आई स्वतः खुर्चीप्रमाणे मागे बसे, तिच्या अंगावरून जाड वस्त्र टाकले जाई आणि तिच्या मांडीवर मूल ठेवले जाई. पुढे चौकटीचा लंबगोल पुठ्ठा चित्रावर बसविला, की उरलीसुरली आईही झाकली जाई. आज ती चित्रे संग्राहकांच्या हाती येतात, तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी मुलावर स्थिरावत नाही. वस्त्राखालच्या त्या आकाराकडे जाते. जिने मुलास धरले, तीच चित्रात नको होती.

विसाव्या शतकात या कलेस राजसत्तेचा आश्रय मिळाला. ५ मे १९२० रोजी मॉस्को येथे लेनिन सैनिकांपुढे भाषण करीत असता काढलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर त्रॉत्स्की आणि कामेनेव्ह उभे आहेत. पुढे स्टालिनच्या राजवटीत हे दोघे शत्रू ठरले आणि त्या चित्राच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी नुसत्या लाकडी पायऱ्या दिसू लागल्या. १९३७ च्या सुमारास मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी काढलेल्या चित्रात स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह चालताना दिसतो. १९४० मध्ये येझोव्हला गोळी घालण्यात आली. त्यानंतर त्या चित्रात तो राहिला नाही. तो होता तेथे कालव्याचे पाणी रंगविण्यात आले. ज्याने इतरांना नाहीसे करण्याचे काम केले, तो स्वतःच अशा रीतीने नाहीसा झाला.

या हकीकती जगास कशा कळल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सुधारलेले चित्र स्वतःहून काही सांगत नाही. चांगल्या कारागिराचे काम असेल तर त्यात सांधा दिसतच नाही. इंग्लंडमधील डेव्हिड किंग या संग्राहकाने अनेक वर्षे जुनी वृत्तपत्रे, पुस्तके आणि छायाचित्रांच्या प्रती जमविल्या आणि १९९७ साली मूळ चित्रे व पुसलेली चित्रे समोरासमोर छापून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कोठेतरी एक मूळ प्रत शिल्लक होती, म्हणूनच लबाडी उघडकीस आली. मूळ प्रत नष्ट झाली असती, तर पाणी हे पाणीच मानले गेले असते.

सत्तेने माणसे पुसली त्याची ही कथा झाली. सत्तेने माणसे टिपून ठेवली त्याची कथा मॉरिशसमध्ये घडली, आणि तिचाही आरंभ सद्हेतूने झालेला नाही.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात आले. तेथून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. ज्या बेटाच्या नावावरून मराठी मुलखात पांढऱ्या साखरेस ‘मोरस’ म्हणू लागले, त्या बेटावर ती साखर पिकविण्यासाठी ही माणसे आली. मुंबईकडील ओघ मुख्यतः १८४० ते १८६० या दशकांतला होता. त्यामुळे १८६७ चा मजूर-कायदा झाला, तेव्हा या मंडळींपैकी अनेकांचा पाच वर्षांचा करार केव्हाच संपला होता आणि सरकारी भाषेत ती ‘जुने प्रवासी’ झाली होती.

त्या कायद्याने जुन्या प्रवाशावर आपले छायाचित्र लावलेले तिकीट सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. ज्या जिल्ह्यात राहावयाचे, तेथील पोलिसांचा परवानाही हवा. रस्त्यात शिपायाने अडविले आणि कागद सापडले नाहीत, तर तो मनुष्य भटक्या ठरे. दंड अथवा कैद त्याच्या वाट्यास येई. करारातून सुटलेल्या मजुराने पुन्हा मळ्यावरच करार करावा, असा त्यामागचा डाव होता. या जाचाविरुद्ध १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या प्रवाशांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. १८७२ मध्ये इंग्लंडहून शाही आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याने आपला अहवाल दिला. अर्जदारांच्या गाऱ्हाण्यात तथ्य होते, हे त्या अहवालाने दाखवून दिले.

असे हे छायाचित्र मजुराने हौसेने काढविलेले नव्हते. कॅमेऱ्यापुढे बसलेल्या त्या माणसाच्या मुद्रेवर हसू नाही. कपाळ, गालाची हाडे, कानांतील भिकबाळी, स्त्रियांच्या नाकातील नथ किंवा चमकी, डोक्यावरचा पदर, हे सर्व ओळख पटविण्याची खूण म्हणून टिपले गेले. कारकुनाने नावे आपल्या कानास जशी ऐकू आली तशी लिहिली. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले. गाव आणि तालुका यांची अक्षरे ओळखू न येण्याइतकी बदलली. चेहरा मात्र काचेने जसाच्या तसा धरून ठेवला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या आणि छायाचित्रे जतन करून ठेवलेली आहेत. खापरपणजोबांचा नोंदणी-क्रमांक शोधीत तेथे जाणाऱ्या कुटुंबास कधी कधी एक चेहरा भेटतो, आणि घरातील एखाद्या मुलाची भुवई दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात दिसते. पाळतीसाठी तयार केलेला कागद वंशजांच्या हाती वारसा म्हणून आला. ज्यांनी तो बनविला, त्यांच्या मनात हे कधी आले नसेल.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते. चित्रात काय महत्त्वाचे आहे, हे चित्र काढणाऱ्यास कळत नाही. ते फार पुढे, दुसऱ्याच कोणास कळते.

घरोघरच्या पेट्यांतील छायाचित्रांसही हेच लागू पडते. लग्न, बारसे, गणपतीची मिरवणूक अशा प्रसंगी काढलेल्या जुन्या चित्रांत मुख्य मंडळी मध्यभागी बसलेली असतात. त्यांच्या मागे गवताने शाकारलेले किंवा पत्र्याचे घर दिसते, कुडाची भिंत दिसते, उसाची कड दिसते, कडेस उभे राहिलेले कोणाचे तरी अनवाणी मूल दिसते. चित्र ‘स्वच्छ’ करू पाहणाऱ्यास हे सारे अडगळीसारखे वाटते. परंतु फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस ‘कॅरोल’ वादळाने या बेटावरील हजारो घरे भुईसपाट केली, आणि त्यानंतर सिमेंटच्या घरांची वस्ती उभी राहिली. गवताचे ते घर कसे होते, दार कोणीकडे होते, तुळस कोठे होती, याचा पुरावा आज त्या अडगळीतच शिल्लक आहे. कडेचे ते अनवाणी मूल आज कोणाचे तरी आजोबा असेल.

आता नव्या यंत्राची रीत पाहावी. १९९० साली ‘फोटोशॉप’ बाजारात आले, तेव्हा चित्राच्या एका भागाचा तुकडा उचलून दुसऱ्या भागावर लावणे संगणकावर शक्य झाले. मात्र हात माणसाचाच लागे. २००० साली काही संशोधकांनी चित्रातील रिकामी जागा आजूबाजूच्या रेषा आत ओढून आपोआप भरण्याची पद्धती मांडली. तिचे नावही त्यांनी संग्रहालयांतील चित्रदुरुस्तीच्या कलेतून उचलले. २०१० मध्ये ‘फोटोशॉप’ स्वतःच शेजारचे नमुने निवडून जागा भरू लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गूगलने आपल्या फोनवर पुसण्याची ही सोय दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅपलनेही दिली. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता असंख्य चित्रांवरून शिकलेली असते. कशाच्या शेजारी बहुधा काय असते, याचा तिला अंदाज असतो, आणि त्या अंदाजाने ती जागा भरते.

येथेच सामान्य माणसाचा गैरसमज होतो. पडदा दूर केला की मागचे दृश्य दिसते, तसे काही या यंत्राने होत नाही. उभ्या माणसाच्या मागे काय होते, हे कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसते. मग यंत्रास ते कोठून ठाऊक असणार? यंत्र जे दाखविते ते त्या जागेवर कधी नव्हते. म्हणजे एका माणसास पुसले, की चित्रात दोन बदल होतात: जो होता तो गेला, आणि जे नव्हते ते आले. अस्पष्ट जुना चेहरा ‘स्पष्ट’ करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. यंत्र घालील त्या पापण्या आणि ओठ पणजीचे असतीलच असे नाही. इतर सहस्रावधी चेहऱ्यांच्या अनुभवावरून केलेला तो तर्क असतो.

वृत्तसंस्था या बाबतीत किती कडक असतात, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सीरियातील युद्धाच्या एका चित्राच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. छायाचित्रकाराने तो पुसून टाकला. बातमीत त्यामुळे काहीच फरक पडत नव्हता. तरीही जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने त्या छायाचित्रकाराशी असलेला संबंध तोडला. कोपऱ्यातील वस्तू क्षुल्लक होती. पण चित्रावरील विश्वास क्षुल्लक नव्हता.

याचा अर्थ या साधनास हातच लावू नये असा नव्हे. वाळवीने खाल्लेली कड, घडीची रेघ, बुरशीचा डाग हे काळाने चित्रावर टाकलेले आहेत. ते त्या क्षणाचा भाग नव्हेत. एखाद्या प्रतीवरून ते दूर केल्यास दोष नाही. सणाच्या शुभेच्छापत्रासाठी पार्श्वभूमी मोकळी करून घेतली, तरी कोणाचे नुकसान होत नाही. धोका आहे तो सुधारलेली प्रत मूळ म्हणून चालू लागते तेथे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांकडे सुधारलेलीच प्रत जाते. मूळ फोन पुढे बिघडतो किंवा बदलला जातो. आणि पंधरा-वीस वर्षांनी जी प्रत उरते, तिलाच सर्व घर खरी मानते. कुटुंबात भांडण झाले म्हणून एखाद्या जावयास किंवा दिरास समूहचित्रातून काढून टाकण्याचा मोहही अलीकडे सुलभ झाला आहे. पूर्वी कात्रीने कापले, तर कापल्याची खूण तरी राहत असे. यंत्र खूणही ठेवीत नाही.

उपाय मोठे कष्टाचे नाहीत. मूळ चित्र, मग ते कागदावरचे असो की फोनमधले, कधीही बदलू नये. प्रतीवरच काम करावे आणि तिच्या नावातच ‘सुधारलेली’ असे लिहावे. चित्राचे मूळ आणि त्यावर झालेले बदल यांची नोंद चित्राबरोबरच ठेवण्याची एक सामाईक पद्धती काही कंपन्यांनी २०२१ पासून आखली आहे. ती मिळेल तेथे बंद करू नये. कागदी चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहावे. मध्यभागी बसलेल्यांचे तर लिहावेच, पण कडेस उभे असलेल्यांचेही लिहावे. घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर हे काम उरकावे. कारण कडेच्या माणसाचे नाव त्यांनाच ठाऊक असते.

पोर्ट लुईसच्या ज्या घाटाच्या पायऱ्या चढून मजूर या भूमीवर आले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. त्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी असंख्यांचे एकही चित्र नाही. ज्यांचे आहे, त्यांना ते सक्तीने काढवून घ्यावे लागले. अशा पूर्वजांच्या वंशजांनी तरी चित्रातील कोणास अडगळ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ज्याचे नाव आज घरात कोणीच सांगू शकत नाही, तोही त्या दिवशी त्या रांगेत उभा होता. त्याची ती जागा त्याच्याकडेच राहू द्यावी.