आधी सातवी, मग नर्सिंग

बँकेतून निवृत्त झाल्यापासून भेस्तानलाच आहे. परवा शेजारची मुलगी म्हणाली, "आजोबा, यंदा बारावीला बसत नाही." वडील जाऊन दोनच महिने झालेत. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचंय. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतंच. मी कॉमर्सवाला, शिकवणार काय? तिला जुन्या गोष्टी सांगत बसलो.

न्यायमूर्ती रानडे जानेवारी १९०१ मध्ये गेले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या. पुढे १९०८ साली त्या मुंबईच्या सेवासदनाच्या अध्यक्षा झाल्या. ते काढणाऱ्यांपैकी बेहरामजी मलबारी आपल्या सुरतेतच वाढलेले. लहानपणीच आई गेली, तरी शिकवण्या करून मॅट्रिक झाले. १९०९ मध्ये पुण्यातही सेवासदन सुरू झालं. तिथे विधवा बायका यायच्या, कित्येकींना लिहितावाचताही येत नसे. म्हणून आधी वाचन-लेखन, अभ्यास, आणि मग ससून रुग्णालयात नर्सिंग. लोक नावं ठेवायचे. रमाबाई हटल्या नाहीत.

माझी आत्या विसाव्या वर्षी विधवा झाली. सातवी पास नव्हती, म्हणून नर्सिंगचा अर्ज परत आला. रात्री चिमणीच्या उजेडात ती रडायचीही आणि गणितंही सोडवायची. म्हणायची, "रडू थांबायची वाट बघितली असती, तर फॉर्मची तारीख गेली असती." पुढे तीस वर्षं नर्स होती.

मुलगी काही बोलली नाही. जाताना मात्र माझं इंग्रजी व्याकरणाचं जुनं पुस्तक मागून घेऊन गेली.