जाकार्तातला सेंटर फॉरवर्ड

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. गोल होऊ न देणाऱ्याचं बहुधा येत नाही. आलंच, तर त्यानं पाय घसरून पडून सामना घालवला म्हणून येतं. बचावपटूची कारकीर्द सांगायला बसलं की ही पहिली अडचण. त्याच्या नावापुढे आकडे नसतात. किती चढाया मोडल्या, किती चेंडू डोक्यानं परतवले, याची वही तेव्हा कुणी ठेवत नव्हतं.

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो जर्नेल सिंग असाच पाठीमागे उभा राहणारा माणूस. तरी त्याचं नाव राहिलं, ते मात्र गोलांमुळे! तीच त्याच्या कथेतली गंमत आहे.

जर्नेलचा जन्म १९३६ चा, लायलपूर जिल्ह्यातला. लायलपूर म्हणजे आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. फाळणी झाली तेव्हा हा पोरगा अकरा वर्षांचा. घरदार, शेतजमीन मागे टाकून कुटुंब सीमेच्या अलीकडे आलं आणि होशियारपूर भागात स्थिरावलं. तिथल्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजात त्याचा खेळ घडला. माहिलपूर हे गाव पंजाबात फुटबॉलसाठीच ओळखलं जातं. आपल्याकडे कोल्हापूरच्या पेठांना जसं फुटबॉलचं वेड आहे, तसंच तिथं.

पण त्या काळी फुटबॉलपटूला नाव कमवायचं तर कलकत्त्याला जावं लागे. जर्नेल आधी राजस्थान क्लबकडून खेळला आणि १९५९ मध्ये मोहन बागानमध्ये आला. पुढची जवळजवळ दहा वर्षं तो तिथलाच झाला. बंगाली माणसाला आपल्या क्लबचा केवढा अभिमान असतो हे मी सांगायला नको. त्या मैदानावर एका पंजाबी सरदाराला घरच्यासारखं प्रेम मिळालं. त्याच्या काळात मोहन बागाननं १९६३, ६४ आणि ६५ असा सलग तीन वेळा ड्युरँड कप जिंकला.

याला व्यावसायिक कारकीर्द म्हणायचं का? कागदोपत्री नाही. ऑलिंपिकला जायचं तर खेळाडू हौशीच असावा लागे. म्हणून रेल्वे, कस्टम्स, टाटा, तेल कंपन्या अशा ठिकाणी नोकऱ्या दिल्या जात. सकाळी सराव, दुपारी हजेरीपटावर सही. पण खेळावर पोट भरत होतं ते भरतच होतं. त्याला हौस म्हणणं हा मला तरी त्या काळातला एक सोयीचा शिष्टाचार वाटतो.

जर्नेलचा खेळ दणकट. चेंडूवर झडप घालताना तो मागेपुढे पाहत नसे. भारतीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांनी बचावात चौघे, मधे दोघे आणि पुढे चौघे अशी रचना बसवली होती. बचावाच्या मध्यावर जर्नेल आणि अरुण घोष. जर्नेलनं पुढे होऊन भिडायचं, घोषनं शांतपणे मागची जागा राखायची. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हा संघ हंगेरीकडून १-२ असा हरला, पण फ्रान्सशी त्यानं १-१ अशी बरोबरी साधली.

मग आलं १९६२ साल आणि जाकार्ताचे आशियाई खेळ. इंडोनेशियानं इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई खेळांचे एक जनक, आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, या स्पर्धेला ‘आशियाई’ म्हणू नये असं सुचवलं. झालं! सगळं शहर भारतावर उलटलं. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडू मैदानात उतरले की आरडाओरडा सुरू. आणि फेट्यामुळे, केसांच्या गाठीमुळे जर्नेल तर दुरूनही ओळखू येणारा.

मैदानावरही सुरुवात वाईटच. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला २-० नं हरवलं. थायलंडला ४-१ असं नमवलं, पण त्या सामन्यात जर्नेलचं डोकं फुटलं. टाके पडले. आता बचावाच्या मध्यावर उभ्या राहणाऱ्याचं अर्धं काम डोक्याचंच. उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू त्यानं परतवायचा, नाही परतवला तर गोल. टाके घातलेल्या डोक्यावर हे ओझं टाकणं म्हणजे त्याला आणि संघाला दोघांनाही धोक्यात घालणं.

रहीमसाहेबांनी काय करावं? जपानला २-० असं हरवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला, तेव्हा त्यांनी जर्नेलला बाकावर बसवलं नाही, उचलून आघाडीवर नेलं. कॉलेजात असताना तो सेंटर फॉरवर्ड खेळत असे, हे त्यांच्या ध्यानात होतं. पुढच्या खेळाडूनं एखादा चेंडू डोक्यानं घेतला नाही तर फार तर एक संधी जाते. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला, त्यातला एक गोल जर्नेलचा.

४ सप्टेंबरला अंतिम सामना, पुन्हा कोरियाशी. प्रेक्षक सुमारे एक लाख, आणि जवळजवळ सगळे आपल्या विरोधात. आपल्या बाजूनं ओरडणारे कोण? पी. के. बॅनर्जी पुढं आवर्जून सांगत, की पाकिस्तानची हॉकी टीम! लायलपूरहून परागंदा झालेल्या पोराला त्या दिवशी स्टेडियममध्ये आवाज मिळाला तो सीमेपलीकडच्यांचा.

सतराव्या मिनिटाला पी. के.नी गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल जर्नेल सिंगचा. मग उरलेला सगळा वेळ बचावाचा. गोलमध्ये पीटर थंगराज, मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रांको. हा फ्रांको गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. शेवटच्या काही मिनिटांत कोरियानं एक गोल फेडला, पण २-१ असं सुवर्णपदक आपलं झालं. कर्करोगानं ग्रासलेले रहीमसाहेब त्यानंतर वर्षभरातच, जून १९६३ मध्ये गेले.

डोकं बरं झाल्यावर जर्नेल मुकाट्यानं आपल्या जागी, मागे परत आला. दोन वर्षांनी आशियाई चषकात भारत दुसरा आला. ती स्पर्धा भरली होती इस्राएलमध्ये, ज्यांच्यावरून जाकार्तात एवढं रामायण झालं त्यांच्याच देशात. त्याच वर्षी जर्नेलला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं तो भारताचा कर्णधार झाला आणि आशियाई ऑल स्टार संघाचंही नेतृत्व त्यानं केलं. नंतर तो पंजाबात परतला. १९७४ मध्ये पंजाबनं संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा प्रशिक्षक तोच होता. त्या अंतिम सामन्यात पंजाबनं बंगालला, म्हणजे ज्या बंगालनं त्याला मोठं केलं त्याच बंगालला, सहा गोलांनी हरवलं.

ऑक्टोबर २००० मध्ये कॅनडात, व्हँकुव्हरला त्याचं निधन झालं. २०२४ साली रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीनं जर्नेलचं नाव प्रथमच ऐकलं. पडद्यावरही लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या जाकार्तातल्या गोलालाच. कलकत्त्यात दहा वर्षं त्यानं जे गोल होऊ दिले नाहीत, ते दाखवणार तरी कसे?