महामारीतील मदत आणि मोजणीचे राजकारण

कोरोना काळात अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या हातात थेट रोख पैसे दिले, हे उदाहरण आपल्याकडच्या चर्चांमध्ये वारंवार दिले जाते. उदाहरण खरे आहे. मात्र ते देणारे एक प्रश्न टाळतात. पैसे कुणाला मोजून दिले? सरकारी मदतीचा इतिहास तिजोरीतल्या आकड्यांवरून लिहिला जातो. तो मोजणीच्या पद्धतीवरून लिहिला, तर वेगळाच दिसतो. म्हणून या लेखात मी अमेरिकेतील व्यावसायिक आणि कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या आपत्कालीन अनुदानाकडे त्या बाजूने पाहणार आहे.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडचे आयटीआय, पॉलिटेक्निक आणि पदवीची पहिली दोन वर्षे एका छताखाली आणली तर जे होईल, ते साधारण कम्युनिटी कॉलेज. वेल्डिंग, नर्सिंग, गाडी दुरुस्ती, वातानुकूलन यंत्रांची देखभाल, सगळे तिथे शिकवतात. फी कमी असते. कृष्णवर्णीय, लॅटिनो, स्थलांतरितांची मुले, दोन लेकरे सांभाळून शिकणाऱ्या बाया, कारखान्यातून काढून टाकलेले चाळिशीतले कामगार असा तिथला वर्ग. यातले सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, कारण उरलेल्या वेळात ते काम करतात.

मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली आणि हॉटेल, दुकान, गोदामातले हे कामही गेले. २७ मार्च २०२० रोजी ‘केअर्स’ कायदा मंजूर झाला. एकूण सुमारे २.२ लाख कोटी डॉलरचे पॅकेज होते, त्यात उच्च शिक्षणासाठी सुमारे १,४०० कोटी डॉलर. सूत्रानुसार कॉलेजांना जो वाटा मिळेल त्याचा किमान निम्मा भाग विद्यार्थ्यांना रोख द्यायचा, अशी अट होती. ही रक्कम सुमारे ६२८ कोटी डॉलर. अन्न, घरभाडे, पुस्तके, संगणक, औषधपाणी, मुलांचे पाळणाघर यासाठी ती वापरायची होती. हे कर्ज नव्हते, परतफेड नव्हती. कल्पना म्हणून ही गोष्ट मोठीच होती. गुणवत्तेचे बक्षीस म्हणून पैसे न देता, शिकणाऱ्याला भूक लागते आणि भाडे भरावे लागते हे कायद्याने मान्य केले होते.

पण वाटपाचे सूत्र बघा. ७५ टक्के रक्कम पेल अनुदान (गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्रीय शिष्यवृत्ती) घेणाऱ्यांच्या संख्येवर आणि २५ टक्के इतर विद्यार्थ्यांच्या संख्येवर. वरवर पाहता गरिबांकडे झुकणारे सूत्र आहे. मेख ‘संख्या’ या शब्दात आहे. डोकी मोजायची नव्हती, ‘पूर्णवेळ समतुल्य’ विद्यार्थी मोजायचे होते. म्हणजे निम्मे विषय घेऊन शिकणारे दोन विद्यार्थी मिळून एक. रात्रपाळी करून आठवड्यातून दोन दिवस वर्कशॉपला येणारा वेल्डिंगचा विद्यार्थी हिशेबात अर्धा. त्याचे घरभाडे मात्र अर्धे नव्हते. नोकरी पूर्ण गेली होती आणि भूकही पूर्ण होती. उलट श्रीमंत खाजगी विद्यापीठात वसतिगृहात राहणारा पूर्णवेळ विद्यार्थी अख्खा एक. पेलचे वजन लावूनही सर्वांत गरजू कॉलेजांचा वाटा त्यांच्या दारात येणाऱ्या माणसांच्या मानाने कमीच पडला. शिवाय १३ मार्च २०२० ला जे पूर्णपणे ऑनलाइन शिकत होते, ते या मोजणीतून सरळ बाहेर.

माणसाचा अपूर्णांक करण्याची त्या देशाला जुनी सवय आहे. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधित्वाच्या हिशेबासाठी गुलामाला तीन पंचमांश धरले होते. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. २०२० चे सूत्र लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असेही नाही, प्रशासनाच्या सोयीचा जुना आकडा त्यांनी उचलला एवढेच. पण कुणाचाही द्वेष न करता अन्याय करता येतो, हेच तर आपण व्यवस्था म्हणतो तेव्हा सांगत असतो.

दुसरी चाळणी शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या खात्याने लावली. ९ एप्रिलला कॉलेजांना पत्र गेले की वाटप कसे करायचे ते तुम्ही ठरवा. सोबतच्या करारपत्रात ही अनुदाने नेहमीच्या केंद्रीय विद्यार्थी साहाय्यात मोडत नाहीत, असेही म्हटले होते. आणि २१ एप्रिलला त्याच खात्याने सांगितले की नेहमीच्या केंद्रीय साहाय्याला पात्र असणाऱ्यांनाच पैसे द्या! कायद्यात ही अट नव्हती. कागदपत्रे नसलेले स्थलांतरित आणि बालपणी आईवडिलांबरोबर आलेली मुले यात बाद झाली, याची बातमी तरी झाली. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांवर काय आले, त्याची चर्चा फार कमी झाली. शाळा अर्धवट सोडून थेट हाताचे काम शिकायला आलेले, जुने शैक्षणिक कर्ज थकलेले, मदतीचा लांबलचक अर्ज कधी भरलाच नाही असे, ट्रक चालवण्यासारखा काही आठवड्यांचा कोर्स करणारे, हे सगळे अपात्र किंवा अडकलेले. पेलसाठी तेव्हा कोर्स किमान १५ आठवडे आणि ६०० तासांचा लागत असे. ज्याला लवकर कमावते व्हायचे आहे तो नेमका त्यापेक्षा छोटा कोर्स निवडतो.

याला इतिहास आहे. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी ‘जीआय बिला’वर सही केली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण, प्रशिक्षण, कर्ज देणारा हा कायदा. सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला. त्यात कॉलेजात गेले सुमारे २२ लाख, बाकीचे बहुतेक व्यावसायिक आणि इतर प्रशिक्षणात. कायद्याच्या मजकुरात वंशाचा भेद नव्हता. पण मिसिसिपीचे जॉन रँकिन यांच्यासारख्या दक्षिणेतील प्रतिनिधींनी अंमलबजावणी स्थानिक हातात राहील याची काळजी घेतली. कामावर राहून शिकायचे तर शिकवणारा मालक लागतो, आणि गोरा मालक काळ्या सैनिकाला टर्नर किंवा इलेक्ट्रिशियन करायला तयार नव्हता. ऑक्टोबर १९४६ पर्यंत मिसिसिपीत सरकारी रोजगार सेवेने माजी सैनिकांना जी बिगरशेती कामे दिली, त्यात कुशल आणि अर्धकुशल कामांपैकी ८६ टक्के गोऱ्यांना आणि अकुशल कामांपैकी ९२ टक्के काळ्यांना मिळाली. इरा कॅट्झनेल्सन यांनी २००५ मधील आपल्या पुस्तकात या काळाची सविस्तर मांडणी केली आहे. कायदा सर्वांसाठी होता, पण दारावर बसवलेला माणूस जुनाच होता.

२०२० मध्ये फरक पडला तो लोक कोर्टात गेले म्हणून. ११६ कॉलेजांची कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेज व्यवस्था आणि वॉशिंग्टन राज्य, दोघांनी शिक्षण खात्यावर दावे लावले. खात्याने जूनमध्ये आपली अट रीतसर नियमात बसवली, पण त्याच महिन्यात दोन्ही न्यायालयांनी आपापल्या दावेदारांपुरती तिला तात्पुरती मनाई दिली. बाकी बहुतेक देशात चाळणी तशीच राहिली. त्या शरद सत्रात कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या सुमारे १० टक्क्यांनी घसरली. सगळा दोष अनुदानाचा नाही. वेल्डिंगची ठिणगी मोबाइलच्या पडद्यावर शिकता येत नाही, हेही कारण होतेच.

डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या कायद्यात सूत्र बदलले. आता निम्मे वजन पूर्णवेळ-समतुल्य आकड्याला आणि निम्मे प्रत्यक्ष डोक्यांना, ऑनलाइनवाल्या पेल विद्यार्थ्यांसाठीही छोटा वाटा. मार्च २०२१ च्या तिसऱ्या कायद्याने सुमारे ३,९६० कोटी डॉलर आणखी दिले. मे २०२१ मध्ये नवे शिक्षणमंत्री मिगेल कार्डोना यांनी नियम काढला की महामारीच्या आणीबाणीत नाव नोंदवलेला कोणताही विद्यार्थी पात्र आहे. चौदा महिन्यांत नियम फिरला. पण मार्च २०२० मध्ये ज्याने शिक्षण सोडले, त्याला हा नियम फारसा उपयोगाचा नव्हता.

आता आपल्याकडे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात विद्यापीठीय आणि परदेशी शिक्षणाबरोबर तांत्रिक प्रशिक्षणाचाही आग्रह आहे, सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांतल्या प्रशिक्षणाची मागणी आहे. हा भाग आपल्याकडे कमी वाचला जातो, बॅरिस्टर बाबासाहेब सगळ्यांना आठवतात. त्यांच्या प्रयत्नांतून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून, म्हणजे जीआय बिलाच्याच वर्षापासून, चालू आहे.

या शिष्यवृत्तीचा गळा आवळला गेला तोही एका सूत्राने. त्याचे नाव ‘बांधील दायित्व’. योजना काळाच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढा पुढे राज्याने सोसायचा, त्यावरचा वाढीव खर्च तेवढा केंद्राचा. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचा वाटा वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपयांवर आला. योजना बंद केली असे कुणी म्हटले नाही, म्हणण्याची गरजच नव्हती. महामारी आली तेव्हा दलित विद्यार्थ्याचा मुख्य आधार असा पोखरलेला होता. २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने हे सूत्र रद्द करून ६०:४० चे प्रमाण ठरवले आणि पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. दहावीनंतर शिक्षण थांबलेले १.३६ कोटी गरीब विद्यार्थी यातून शिक्षणात येतील, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. म्हणजे ते बाहेर होते हे सरकारला माहीत होते.

मात्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि आपत्कालीन अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती फी आणि निर्वाहभत्त्यापुरती, तीही कागदपत्रांच्या रांगेतून येणार. फिटर ट्रेडच्या मुलाचे वडील बिगारी आहेत आणि काम बंद झाले, तर त्या महिन्यात काय? आपल्याकडे आयटीआयच्या विद्यार्थ्याला संकटात थेट रोख रक्कम देणारा असा कायदा संसदेने केला नाही. अमेरिकेच्या कायद्यातून मागायचे तर हे मागावे, आणि मागताना पहिल्याच दिवशी विचारावे की अर्धवेळ शिकणारा, हंगामी ऊसतोडीला जाऊन परतणारा, जातपडताळणी रखडलेला विद्यार्थी तुमच्या यादीत किती धरला आहे.

अमेरिकेतही हा हक्क कायमचा झाला नाही. उरलेला निधी खर्च करायची वाढीव मुदत बहुतेक कॉलेजांसाठी ३० जून २०२३ ला संपली. डोकी मोजण्याचे ते सुधारित सूत्रही त्या निधीबरोबर गेले. पेल अनुदान आजही अर्धवेळ विद्यार्थ्याला कापूनच मिळते. छोट्या व्यावसायिक कोर्सांसाठी, म्हणजे ८ ते १५ आठवड्यांच्या, पेल खुले करणारी तरतूद जुलै २०२५ च्या कायद्यात आली आणि तिची तारीख १ जुलै २०२६ ठेवली गेली. कागदपत्रे नसलेला विद्यार्थी त्यातही नाही.